एचडीआर लावलं की चित्र अंधारं का होतं?

दसऱ्याला थोरल्या मामांनी नवा टीव्ही घेतला. पंचावन्न इंची, खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘एचडीआर’. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. “तू फोटोवाला न्हवं? मग ये जरा बावड्याला. ह्यो टीव्ही फसवा निघाला बघ. जुन्यावर कसं लख्ख दिसायचं. ह्याच्यावर पिक्चर लावला की कोपऱ्यात एचडीआर असं येतंय आन् समोर सगळा अंधार. पैसे काय झाडाला लागत्यात व्हय?”

लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाला घरातले लोक टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यासाठी बोलावतात, त्याला इलाज नाही. गेलो. बाहेरच्या खोलीत दोन ट्यूबलाइट चालू होत्या. टीव्हीवर रात्रीचा कुठलासा प्रसंग होता. त्या काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसत होता, मामींची मांडणीवरची भांडी दिसत होती, पंख्याची पातीसुद्धा दिसत होती. दिसत नव्हता तो फक्त सिनेमातला नायक. मामांचं म्हणणं खरं होतं. आणि टीव्हीही धडधाकट होता.

हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात. त्याचा जुळा भाऊही सोबत येतो: “रील बघताना मधेच मोबाइल एकदम डोळ्यात का येतो?” एकाची तक्रार अंधाराची, दुसऱ्याची उजेडाची. मूळ दोन्हींचं एकच आहे, पण तिथवर जायला थोडं मागून यावं लागेल.

पल्ला

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. मराठीत मी त्याला ‘उजेडाचा मोठा पल्ला’ म्हणतो. एखाद्या दृश्यातली सगळ्यात अंधारी जागा आणि सगळ्यात उजळ जागा यांच्यातलं अंतर, तो पल्ला.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला जे उभे राहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मंदिर पश्चिमाभिमुख. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. ढग, धूर किंवा वाटेतली एखादी इमारत आड आली नाही तर पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. त्या क्षणी देवीच्या अलंकारांवर जे सोनं पेटतं ते आणि शेजारच्या दगडी भिंतीवरचा गडद काळोख, दोन्ही एकाच नजरेत मावतात. सोनं बघताना भिंत नाहीशी होत नाही, भिंत बघताना सोनं विरत नाही.

हेच दृश्य साध्या टीव्हीवर बघा. कॅमेरा गाभाऱ्याच्या अंधाराला धरून लावला तर किरण पडलेली जागा म्हणजे नुसता पांढरा फटफटीत डाग. किरणाला धरून लावला तर देवी तेवढी दिसते आणि बाकी डांबर. दोन्ही टोकं एकदम पकडायला त्या चित्रात जागाच नसते. एचडीआरचा सगळा खटाटोप त्या जागेसाठी आहे.

लक्स, निट आणि एक ज्योत

दोन मापं समजून घेऊ, मग पुढे त्रास होणार नाही. एखाद्या वस्तूवर किती उजेड पडला ते लक्समध्ये मोजतात. त्या वस्तूकडून आपल्या डोळ्याकडे किती उजेड आला ते निटमध्ये. किरणोत्सवाच्या बातम्यांत किरणांची तीव्रता लक्समध्ये सांगतात. टीव्हीच्या खोक्यावर असतात ते निट.

आकड्यांची थोडी ओळख करून देतो. भर दुपारी उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड पडतो. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो, पाव लक्सच्या आसपास. ट्यूबलाइट लावलेली घरातली खोली १०० ते २०० लक्सची. आता त्याच दुपारी रंकाळ्यावर कुणी पांढराशुभ्र सदरा घालून उभा असेल, तर तो सदरा आपल्याकडे २५,००० निटांच्या घरात उजेड फेकतो. तोच सदरा घालून तो घरी ट्यूबखाली बसला की उरतात चाळीसेक निट. सहाशे पटींचा फरक. तरी दोन्हीकडे तो आपल्याला पांढराच दिसतो. ही गंमत ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता ज्योत. मेणबत्तीच्या एका दिशेने येणाऱ्या प्रकाशाचा जोर साधारण एक कँडेला असतो. या एककाचं नावच मेणबत्तीवरून आलं आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागातून एक कँडेला प्रकाश येत असेल तर तो एक निट. पण ज्योत कुठे चौरस मीटरची असते? ती जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच प्रकाश दहा हजार पटींनी लहान जागेतून येतो. ज्योतीची उजळी झाली १०,००० निट! त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात. त्यातल्या प्रत्येक ज्योतीचा पोटातला भाग पाचशे-हजार निटांच्या नव्या टीव्हीपेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असतो. तरी घाटावर कुणी डोळ्यांवर हात धरून उभं राहत नाही. प्रखर असली तरी ती चिमुकली असते, आणि भोवती अंधार असला तरी पाण्यावर, पायऱ्यांवर डोळा रमलेला असतो.

गुळाच्या रव्यावर पावशेर

तर मग ५०० निटांचा टीव्ही सोडून १,००० निटांचा घेतला की चित्र दुप्पट उजळ दिसणार का? नाही. इथे डोळ्याचा हिशेब यंत्राच्या हिशेबापासून फुटतो.

गूळ मार्केटमधला हमाल डोळ्यासमोर आणा. त्याच्या हातात पावशेर गुळाचा खडा दिला आणि वर आणखी पावशेर ठेवला तर त्याला लगेच कळेल. पण खांद्यावर तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, असताना वर पावशेर ठेवलात तर तो मान वळवूनही बघणार नाही. वाढ तीच, पण आधीचं ओझं किती, त्यावर ती जाणवणं ठरतं. एर्न्स्ट वेबर या जर्मन संशोधकाने एकोणिसाव्या शतकात वजनं उचलायला लावूनच हे तपासलं होतं. पुढे गुस्टाव फेख्नर यांनी १८६० साली त्याला गणिताची चौकट दिली. उजेडाचंही तेच. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावली की जग बदलतं. दहा मेणबत्त्या आधीच जळत असतील तर अकरावीने फार काही होत नाही. आणि दुपारी अंगणात लावली तर सूर्यापुढे काजवा.

नंतरच्या मोजमापांतून एक ढोबळ अंदाज निघाला: अंधाऱ्या भोवतालात एखादा उजळ भाग ‘दुप्पट उजळ’ वाटायला त्याचा प्रकाश साधारण आठपट करावा लागतो. दुप्पट केला तर पाव हिस्सा वाढल्यासारखं वाटतं. म्हणून दुकानदार जेव्हा “हा हजार निट, तो पंधराशे” असं सांगून वीस हजारांचा फरक लावतो, तेव्हा हमालाच्या खांद्यावरचा पावशेर आठवावा.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. उजेडाकडच्या टोकाला डोळा बेफिकीर, पण अंधाराकडच्या टोकाला तो कमालीचा चिकित्सक आहे. अर्ध्या निटाचा एक निट झाला तरी त्याला कळतं. चित्राची खरी परीक्षा तिथे, सावल्यांत, होते. जाहिरात मात्र कायम वरच्या टोकाची असते.

डोळा आपलं माप बदलत राहतो

मॅटिनीला उशिरा पोचलेला माणूस आठवा. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख. तो चार जणांच्या पायांवर पाय देतो, एकाच्या मांडीवर बसता बसता वाचतो. दहा मिनिटांनी त्याला खुर्च्यांचे नंबर दिसतात. टॉकीजमधला उजेड काही वाढलेला नसतो.

बुबुळातलं छिद्र लहान-मोठं होतं म्हणून असं घडतं, हे आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच. छिद्र दोन मिलिमीटरवरून आठवर गेलं तरी क्षेत्रफळ सोळापटच वाढतं, आणि ऊन-चांदण्यातला फरक तर लाखोंचा. उरलेलं काम डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी करतात. रंग दाखवणाऱ्या पेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात. मिणमिणत्या उजेडात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशींना पूर्ण जागं व्हायला अर्धा तास लागतो.

थोडक्यात, डोळ्याला ठरलेला शून्य नाही. समोर जे आहे त्यावरून तो आपला ‘पांढरा’ ठरवतो आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघतो. चाळीस निटांचा सदराही पांढरा, पंचवीस हजारांचाही पांढरा. टॉकीजच्या पडद्यावरचा पांढरा रंग किती निटांचा असावा, याचं ठरलेलं प्रमाण आहे ४८. नुसते अठ्ठेचाळीस! आज बाजारात एवढा मंद टीव्ही कुणी फुकटही नेणार नाही. पण तिथल्या काळोखात त्याच अठ्ठेचाळीस निटांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या दिपून गेलो आहोत.

शंभर निटांचा जुना करार

टीव्हीचं चित्र कसं साठवायचं याचे नियम काचेच्या जाडजूड नळीच्या काळात ठरले. त्या नळीचा पांढरा साधारण १०० निटांचा धरून चित्र तयार केलं जायचं. याला आता साधी रेंज, म्हणजे एसडीआर म्हणतात. केबलवर येणारं बहुतेक सगळं आजही यातच असतं.

या करारात एक सोय होती. चित्रात ‘पांढरा’ म्हणजे फक्त ‘शंभर टक्के’ असं लिहिलेलं असे. शंभर टक्के म्हणजे किती निट, ते घरातला टीव्ही ठरवणार. कंपन्यांनी ताकदवान टीव्ही काढले, आपण ब्राइटनेस वाढवला, की सगळं चित्रच सरसकट वर जायचं. मामांच्या जुन्या टीव्हीवर पांढरा सहज तीनशे निटांवर असणार. सदरा तीनशे, आणि सदऱ्यामागे पेटलेला बल्बही तीनशेच, कारण त्याच्या वर जागा नव्हती. दोघेही एकाच छताला डोकं टेकून उभे.

नव्या करारात काय आहे

२०१४ साली डॉल्बी कंपनीच्या कामातून एक नवी मोजपट्टी प्रमाण म्हणून आली. तिचं नाव पीक्यू. डोळ्याला उजेडातला बारीकात बारीक फरक कुठे किती कळतो, हे पाहून ही पट्टी आखली आहे. तिचं वरचं टोक १०,००० निटांवर आहे, म्हणजे आपल्या मेणबत्तीच्या ज्योतीपर्यंत. पण मला तिची आवडती गोष्ट ही की पट्टीची जवळजवळ अर्धी लांबी पहिल्या १०० निटांसाठी राखून ठेवली आहे. हजार निटांपर्यंत पाऊण पट्टी संपते. बाकीचे नऊ हजार निट उरलेल्या पावात. हमालाच्या खांद्याचा हिशेब इथे कुणीतरी नीट मांडला आहे.

पट्टीवर खुणाही जास्त लागतात. साध्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात; एचडीआरमध्ये निदान १,०२४. पायऱ्या कमी पडल्या की रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या आकाशात मऊ उतरण दिसायच्या ऐवजी पट्टे पट्टे दिसतात.

आणि कळीचा बदल हा: पीक्यूमध्ये टक्के नसतात, थेट निट लिहिलेले असतात. सदरा २०० निट, खिडकीतलं आकाश ६००, तलवारीच्या पात्यावरची चमक १,०००. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने थेट प्रक्षेपणासाठी दुसरी पद्धत काढली, तिला एचएलजी म्हणतात. त्यात टक्क्यांची जुनी सोय शिल्लक आहे. घरबसल्या ओटीटीवर आपण जे एचडीआर सिनेमे बघतो ते मात्र बहुतेक पीक्यूवरचे. एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन वगैरे नावं त्याच पट्टीवरची.

मग मामांकडे अंधार का?

आता सगळे धागे जुळतात. जुन्या टीव्हीवर सदरा तीनशे निटांवर होता, कारण मामांनी ब्राइटनेस शेवटापर्यंत ढकलला होता. नव्या टीव्हीवर एचडीआर सिनेमा लागला, आणि त्यात लिहिलं होतं: सदरा दोनशे. टीव्हीने इमानदारीने दोनशे दाखवला. माणसांचे चेहरे, भिंती, कपडे, म्हणजे चित्राचा नव्वद टक्के भाग, आधीपेक्षा खाली आला. वर गेली ती फक्त कंदिलाची ज्योत आणि पाण्यावरची चमक. वरची जागा मोकळी ठेवायची तर बाकीच्यांना थोडं खाली बसवावंच लागतं. एचडीआर म्हणजे ‘सगळं लख्ख’ असं मामांना दुकानात सांगितलं होतं. तो मोकळ्या जागेचा कारभार आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शिवाय ज्याने त्या सिनेमाचे रंग जुळवले तो कुठे बसला होता? जवळजवळ अंधाऱ्या खोलीत, चांगल्या मॉनिटरसमोर, डोळे अंधाराला सरावलेले. त्याला रात्रीच्या प्रसंगातला नायक एक-दोन निटांवरही सुरेख दिसत होता. मामा बसले होते दोन ट्यूबखाली.

“मग त्याला काय हुतंय? माझं डोळं तेच हायत न्हवं?” मामा म्हणाले. डोळे तेच, पण काच वेगळी. हिशेब करू. खोलीत दीडशे लक्स उजेड आहे आणि टीव्हीची काच त्यातला नुसता दोन टक्के इकडेतिकडे परत उधळते असं धरा. त्याचा जवळपास एक निट होतो. म्हणजे टीव्ही पूर्ण काळा असतानाही त्या काचेतून एक निट येतोच. त्यात दोन निटांचा नायक बुडाला तर नवल काय? सपाट काचेतलं भांड्यांचं प्रतिबिंब वेगळंच, ते यात धरलेलंही नाही. लाख रुपयांच्या टीव्हीचा काळाकुट्ट काळा रंग एका ट्यूबलाइटपुढे राखाडी होतो.

काळं किती काळं

म्हणून टीव्हीची निवड करताना मी वरच्या आकड्याआधी खालचं टोक बघतो. साध्या एलसीडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचा थर ते झाकतो. झाकण गळकं असतं. एक ज्योत चमकवायला मागचे सगळे दिवे वाढवले तर अंधारही उजळतो, राखाडी होतो. यावर उपाय म्हणून मागचे दिवे तुकड्या-तुकड्यांनी कमी-जास्त करतात. तुकडे शेकडो असले तर छान चालतं. थोडे असले तर काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती आणि खालच्या सबटायटलभोवती धुकट वलय दिसतं. मिनी-एलईडी हा याच घराण्यातला सुधारलेला मुलगा.

ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. काळा म्हणजे खरोखर बंद. त्याची अडचण दुसऱ्या टोकाला: सगळा पडदा एकदम पांढरा करायचा म्हटलं की वीज आणि उष्णता आवरेना, म्हणून टीव्ही स्वतःहून मंद होतो. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा पडद्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या छोट्या चौकोनावर मोजलेला असतो, आणि तोही थोड्या वेळापुरता टिकतो. त्याला लबाडी म्हणता येणार नाही, चमक असतेच छोटी. पण क्रिकेटचं हिरवंगार मैदान त्या आकड्यावर दिसेल अशी आशा ठेवू नये.

आणि स्वस्त टीव्हीवरचा ‘एचडीआर’ शिक्का? त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की टीव्हीला एचडीआरची भाषा कळते. भजनाचे शब्द पाठ असणं आणि आवाज तीन सप्तकांत फिरणं यांत जेवढं अंतर, तेवढंच इथे.

आबालाल रहिमान यांनी सोडवलेलं गणित

हजार निटांची चमक लिहिलेली असेल आणि टीव्हीची ताकद तीनशेच असेल तर? मोठा पल्ला छोट्या पल्ल्यात बसवावा लागतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. नाव नवं आहे, काम फार जुनं.

आपल्याकडे आबालाल रहिमान होऊन गेले. शाहू महाराजांच्या काळातले चित्रकार, कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिलेले. रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांच्या सकाळ-संध्याकाळी त्यांनी रंगवल्या. त्यांच्याजवळ पल्ला केवढा होता? पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला नव्वद टक्क्यांच्या आसपास परत देतो, काळा तीन-चार टक्के. म्हणजे सगळा खेळ पंचवीस-तीस पटींत. समोरच्या मावळतीच्या आकाशात मात्र हजारो पटींचा फरक. तरी कागदावरचं पाणी चकाकतं. चित्रकार पाण्यावरची चमक जशीच्या तशी आणू शकत नाही, म्हणून तो भोवतालचं किनाऱ्याचं रान गडद करतो, आकाश एक पायरी उतरवतो, आणि चमकेसाठी कोरा पांढरा जपून ठेवतो. डोळा शेजाऱ्याशी ताडून बघतो हे त्याला ठाऊक असतं.

चांगला टीव्ही हेच करतो: खालचं आणि मधलं जसंच्या तसं ठेवतो, वरचं हळुवार दाबतो. वाईट टीव्ही दोनपैकी एक घोळ घालतो. एक तर तीनशेच्या वरचं सगळं सपाट कापून टाकतो, मग ढगांचा पोत जातो. नाहीतर सगळं चित्र खेचून खाली आणतो, मग अंधार. मामांचा टीव्ही दुसऱ्या जातीचा होता. एचडीआर१० मध्ये सबंध सिनेमासाठी एकच सूचना असते की यातली कमाल चमक एवढी. कुठेतरी एका स्फोटात हजार निट असतील तर टीव्ही सबंध तीन तास त्या स्फोटाच्या धास्तीने जगतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये प्रसंगागणिक सूचना बदलते, म्हणून मध्यम दर्जाच्या टीव्हीवर त्यांचा फायदा जास्त दिसतो.

मोबाइल मधेच का भडकतो

मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं ‘एचडीआर’ हे बटण फार जुनं आहे आणि त्याने गोंधळ वाढवलाय. ते तीन-चार फोटो वेगवेगळ्या उजेडाला धरून काढायचं आणि शिवून एक करायचं. लग्नघरात नवरी खिडकीशी बसलेली असते तेव्हा ते कामाचं. पण निघणारा फोटो साध्या पल्ल्यातलाच. मोठा पल्ला छोट्यात कोंबलेला.

हल्लीचे फोन याच्या पुढे गेलेत. फोटोसोबत ते उजेडाचा एक नकाशा जपून ठेवतात: कुठली जागा किती जास्त पेटवायची. अँड्रॉइडमध्ये हे २०२३ पासून आलं, आयफोनमध्ये त्याआधीच. रीलच्या रांगेत असा फोटो किंवा एचडीआर व्हिडिओ आला की फोन त्याच्या चमकेला वरची मोकळी जागा देतो. चार साध्या रीलनंतर एक अशी आली की डोळ्याने ठरवलेला ‘पांढरा’ क्षणात खोटा पडतो. वर लिहिलेलं नाव, बाजूची पांढरी चिन्हं अचानक मळकी, राखाडी दिसतात. अंधारात पांघरुणात बघत असाल तर जास्तच, कारण तेव्हा फोनने पडदा खाली आणलेला असतो आणि वर चढायला भरपूर वाव असतो. बऱ्याच फोनच्या आणि ॲपच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. मी रात्री बंदच ठेवतो.

“यानं डोळं जात्यात का?” हा मामींचा प्रश्न. दुपारच्या उन्हातली पांढरी भिंत कुठल्याही टीव्हीपेक्षा कितीतरी प्रखर असते, आणि सूर्याचं बिंब दीडशे कोटी निटांच्या पुढे, म्हणून त्याच्याकडे बघायचं नसतं. टीव्ही त्या रांगेत कुठेच नाही. पण काळ्याकुट्ट खोलीत एकदम पांढरा पडदा आला की डोळे शिणतात, हे खरं. पडद्यामागे भिंतीवर मंद दिवा ठेवला की तो ताण कमी होतो, आणि तो उजेड काचेवर न पडल्यामुळे काळंही काळं राहतं.

दुकानातल्या उजेडात काही कळत नाही

टीव्ही राजारामपुरीतल्या एका दुकानात घेतला होता. तिथे मी मामांसोबत गेलो नव्हतो, पण दुकानं सगळी सारखीच: छतभर दिवे, वीस टीव्ही ओळीने, सगळे ‘विविड’ या भडक रंगांच्या मोडवर, आणि सगळ्यांवर पोपट, फुलं नाहीतर कापलेलं कलिंगड. शेजारी शेजारी ठेवलं की जो जास्त भडक तो जिंकतो. शेजाऱ्याशी ताडून बघायची डोळ्याची खोड इथे पुरेपूर वापरली जाते. घरी शेजारी दुसरा टीव्ही नसतो. घ्यायचाच असेल तर रात्रीचा प्रसंग लावायला सांगा, आणि मागचे दिवे तुकड्यांनी विझतात का ते विचारा. उत्तर देणारा गडबडला तर उत्तर मिळालं.

मामांच्या टीव्हीवर मी फार काही केलं नाही. विविड काढून सिनेमाचा मोड लावला. ‘ब्राइटनेस’ मामांनी शंभरावर नेला होता. त्या टीव्हीत त्या नावाखाली खरं तर काळ्या रंगाची पातळी बदलते, त्यामुळे उजेड काही वाढला नव्हता, अंधार तेवढा दुधाळ झाला होता. तो मूळ जागी आणला. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचे दिवे, वाढवला. देव्हाऱ्याजवळचा छोटा दिवा टीव्हीमागे ठेवला आणि दोन्ही ट्यूब बंद केल्या. “आता पाच मिनिटं गप बसायचं,” म्हटलं.

तिसऱ्या मिनिटाला मामा पुढे सरकले. नायकाच्या मागे एक दगडी कमान होती, तिच्यावरचं कोरीव काम दिसायला लागलं होतं. मग कुणीतरी पलिता पेटवला आणि मामांनी तोंडातून आवाज काढला, कुस्तीत एकलंगी डाव बसल्यावर काढतात तसा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामी शेंगांची परात घेऊन आल्या. “अंधारात काय बसलाय? लाइट गेली काय?” म्हणाल्या, आणि दोन्ही ट्यूब लावून शेंगा सोलायला बसल्या. मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा परातीकडे बघितलं आणि रिमोट उचलून मालिका लावली.